बिसा

गिमारासच्या धक्क्यावरून वर, आंब्यांच्या बागेपलीकडे
दर रविवारी तिया पेलाग्याच्या खुर्चीपुढे रांग लागते.
ती हात पुढे करते, पालथा.
जो येतो तो वाकतो, "बिसा, तिया" म्हणतो
आणि तो हात आपल्या कपाळाला लावतो.
धाकट्याने वाकायचं, थोरल्याने हात द्यायचा.
दोन श्वासांचं काम.

मोतीबिंदूने डोळे दुधाळ झाल्यापासून
ती माणसं अशीच ओळखते.
हा बर्नाबे, होडीवर भाजून पापड झालेला.
ही लुर्देस शिंपीण,
सुईत दोरा ओवून ओवून भुवयांमध्ये उभी आठी.
आणि हे पोर तापलंय गं,
रांगेत कशाला उभं केलंस, घरी ने त्याला.

मी पलीकडे, इलोइलोच्या इस्पितळात, एक्स-रे काढते.
मला कपाळ आतून ठाऊक आहे.
जन्मताना ते एक नसतंच.
दोन हाडं असतात, मधे शिवण,
दात येता येता ती बुजते.
कुणाकुणाची जन्मभर उघडी राहते
आणि त्याला पत्ताही नसतो.
भुवयांमागे हवेने भरलेल्या दोन खोल्या,
फिल्मवर फुलकोबीच्या कडेसारख्या,
जुळ्या भावांच्याही हुबेहूब नसतात.
कातडीखाली एक पातळ स्नायू,
एकही हाड न हलवणारा.
नवल वाटलं की भुवया उचलायच्या,
काळजी वाटली की आडव्या रेघा ओढायच्या,
एवढीच त्याची नोकरी.

हे सगळं मी तियाला एकदा सांगितलं.
"बरं," ती म्हणाली, "आणि घाम?"

या रविवारी रांगेत शेवटी तेलेस्फोरो होता.
तिचा भाचा, तिच्याच ताटात वाढलेला.
अकरा वर्षांपूर्वी जमिनीवरून भांडला
आणि बिसा न करता जहाजावर गेला.
पैसे यायचे. अक्षर नाही.
त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.
केस मागे हटले होते, कपाळ पुढे आलं होतं,
जणू घरात भिंत पाडून खोली वाढवलेली.
डाव्या भुवईवरची खोक मात्र तीच,
फणसाच्या फांदीवरून पडला होता तेव्हाची.

तो वाकला. काही बोलला नाही.
दोन श्वास झाले. पाच झाले.
हात हलेना.
मग तिचा अंगठा सावकाश वळला,
भुवईवर चढला, खोकीपाशी थांबला.
"भात गार झालाय," ती म्हणाली.
"किती वेळ ठेवायचा माणसाने."

जेवताना तोच बोलत होता, भीती वाटलेल्या माणसासारखा, भराभर.
जहाजावरच्या आचाऱ्याने म्हणे सांगितलं होतं,
त्याच्या मुलखात सहाव्या रात्री एक देवी येते
आणि बाळाच्या कपाळावर सगळं लिहून जाते,
कुणाशी लग्न, कुठल्या पाण्यात मरण.
आमच्याकडे नशीब तळहातावर.
आणि बिसा करताना तळहात जमिनीकडे असतो,
कपाळाला लागतात त्या फक्त शिरा, सांधे,
म्हातारपणाचे तपकिरी ठिपके.

"मग त्या मुलखात वाचतं कोण ते लिहिलेलं?" तियाने विचारलं.
"कुणालाच येत नाही वाचता."
ती हसली, घास हातातच राहिला.
"मग मी इतकी वर्षं काय करतेय?"

सकाळी तिने मासे साफ केले होते.
त्यातलं एक खवलं
तेलेस्फोरोच्या कपाळाला चिकटून राहिलं होतं,
तो मान हलवील तसं दिव्यात चमकत होतं.
बर्नाबेने पाहिलं. लुर्देसने पाहिलं. मी पाहिलं.
त्याला कुणीच सांगितलं नाही.